दिवंगत रॅपर मित्रावर माहितीपट करताना: त्याने लोकांसमोर ठेवलेले आणि फोनमध्येच ठेवलेले

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी तो नीट समजलो आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. तुमचा मित्र परभणीचा, रॅप करणारा. गेल्या वर्षी, वयाच्या 24 व्या वर्षी, रात्री गाडीवरून घरी येताना अपघातात तो गेला. त्याची अकरा गाणी यूट्यूबवर आहेत. मित्रांच्या फोनमध्ये चार-पाच वर्षांचे व्हिडिओ, इन्स्टाग्रामवरची लाइव्ह सत्रे, शेकडो व्हॉइस नोट आणि त्याच्या दोन वह्या आहेत. वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्हाला चाळीस मिनिटांचा माहितीपट दाखवायचा आहे. घरातले भांडण आणि त्याचे पिणे यांचा उल्लेख नको, अशी वडिलांची अट आहे. आई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही. वहीतला मजकूर एआयच्या मदतीने त्याच्याच आवाजात वाचून घ्यावा, असे एका मित्राचे म्हणणे आहे. आणि या सगळ्याच्या शेवटी तुम्ही विचारले आहे, की सुरुवात कुठून करू आणि कॅमेरा कोणता घेऊ.

कॅमेऱ्याचे उत्तर एका ओळीचे आहे: हातातला फोन पुरेसा आहे, पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलरला लावायच्या चांगल्या माइकवर करा. कारण तुमच्या चित्रपटातली सर्वांत मौल्यवान चित्रे आधीच टिपली गेली आहेत आणि ती तुमच्या नव्या कॅमेऱ्यात येणार नाहीत.

खरा प्रश्न वेगळा आहे. मी अठरा वर्षे छत्रपती संभाजीनगरात माहितीपटांचे संकलन आणि दिग्दर्शन करतो, आणि त्यांतले तीन माहितीपट माणूस गेल्यानंतर केलेले आहेत. जिवंत माणसावर चित्रपट करताना तो तुम्हाला मध्येच थांबवू शकतो, ‘हे नको दाखवू’ म्हणू शकतो, रागावून निघून जाऊ शकतो. गेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. वडिलांची अट, आईचा नकार, मित्राची एआयची कल्पना हे तुम्हाला तीन वेगळे पेच वाटत असतील, पण तिन्हींच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. म्हणून मी एक कसोटी वापरतो आणि पुढचे सगळे उत्तर तिच्यावरच उभे आहे: त्याने हयातीत लोकांसमोर काय ठेवले आणि फोनमध्ये, वहीत काय ठेवून दिले? पहिल्यावर तुमचा हक्क चालतो. दुसऱ्याला हात लावायचा तर प्रत्येक वेळी कारण सांगता आले पाहिजे.

तरीही विचार करण्याआधी एक काम तातडीचे आहे, ते म्हणजे जे आहे ते जपणे. त्याचा फोन घरच्यांनी कुणाला देऊ नये, विकू नये, आणि कुलूप उघडत नाही म्हणून दुकानात नेऊन रीसेट तर मुळीच करू नये. सिम बंद पडू देऊ नका; रिचार्ज संपून काही महिने वापर झाला नाही की कंपनी तो क्रमांक बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग सगळ्या खात्यांचे ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती जातात. मृत्यूचा दाखला दाखवून क्रमांक घरच्यांच्या नावावर करून घेता येतो, ते करून घ्या. व्हॉट्सॲप खाते साधारण 120 दिवस वापरले नाही तर काढून टाकले जाते. गूगल खाते दोन वर्षे उघडले नाही तर त्यातले फोटो आणि ड्राइव्हवरच्या फायली जाण्याचा धोका असतो, आणि तुमचे एक वर्ष तर संपत आले आहे. इन्स्टाग्रामचे खाते ‘स्मृती’ खात्यात बदलण्याचा अर्ज भावनेच्या भरात एवढ्यात करू नका, कारण एकदा ते तसे झाले की त्यात कुणालाही लॉग इन करता येत नाही. आधी घरच्यांशी बोला आणि आत काय आहे व कुणी पाहावे हे ठरवा.

मित्रांकडून व्हिडिओ गोळा करताना ते व्हॉट्सॲपवर मागवू नका. तिथे पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि बारकावे निघून जातात. शिवाय चित्रीकरणाची तारीख पुसली जाते, आणि पाच वर्षांचे आयुष्य क्रमाने लावताना तारीख हाच तुमचा मुख्य धागा असतो. हार्ड डिस्क आणि लॅपटॉप घेऊन प्रत्येकाच्या घरी जा आणि मूळ फाइल उतरवा. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी, शक्यतो नातेवाइकाकडे. मी हे अनुभवाने सांगतो. माझ्या दुसऱ्या माहितीपटाच्या वेळी दोन्ही डिस्क एकाच कपाटात होत्या आणि एका पावसाळ्यात छत गळून दोन्ही गेल्या. त्यातली सत्तर मिनिटांची एक मुलाखत पुन्हा कधीच मिळाली नाही, कारण तोवर मुलाखत देणारे आजोबाही गेले होते.

प्रत्येक फाइलची नोंद एका वहीत किंवा तक्त्यात करा: कुणी टिपली, केव्हा, कुठे, त्यात कोण कोण दिसते आणि त्यांना विचारले आहे का. हे काम कंटाळवाणे आहे आणि तुम्हाला दोन महिने लागतील. याच दोन महिन्यांत चित्रपट सापडतो, असा माझा अनुभव आहे. तांत्रिक सूचना एवढीच, की फोनचे व्हिडिओ बहुधा बदलत्या फ्रेम रेटचे असतात, म्हणजे सेकंदाला किती चित्रे हे सारखे बदलते, त्यामुळे संकलनात आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. म्हणून सगळ्या फायली आधी सेकंदाला 25 फ्रेम या स्थिर वेगात बदलून घ्या आणि नवे चित्रीकरणही त्याच वेगात करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने या वेगात ट्यूबलाइटखाली चित्र सहसा लुकलुकत नाही.

आता तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट. त्याने गाणी जिथे रेकॉर्ड केली त्या मुलाकडे जा. तुम्ही लिहिले आहे की ते एका खोलीतले, भिंतीला गाद्या टेकवून केलेले स्टुडिओ होते. तिथल्या संगणकात प्रत्येक गाण्याची मूळ प्रोजेक्ट फाइल असेल आणि त्यात फक्त त्याच्या आवाजाचा वेगळा ट्रॅक असेल. बीट म्हणजे मागचे संगीत काढून तो एकदा ऐका. नांदेडच्या एका मुलावर काम करताना मी असा ट्रॅक ऐकला होता. दोन कडव्यांच्या मध्ये त्याने घेतलेला दम ऐकू येत होता, वर पंख्याची घरघर होती, तिसऱ्या टेकला जीभ अडखळल्यावर तो स्वतःलाच ‘परत, परत’ म्हणाला आणि लांबून कुणीतरी जेवायला हाक मारली. तयार गाण्यात यातले काहीच नव्हते. श्रोत्याला तो कलाकार म्हणून माहीत होता; त्या पाऊण मिनिटात तो कष्ट करणारा माणूस म्हणून भेटला. असा तुकडा कसोटीला उतरतो का? माझ्या मते उतरतो, कारण ते काम त्याने लोकांसमोर ठेवण्यासाठीच चालवले होते. अर्धवट सोडलेली, त्याला न आवडलेली गाणी मात्र वेगळी. ती तुम्ही पूर्ण करून, दुसऱ्याची कडवी जोडून ‘नवे गाणे’ म्हणून आणू नका. फार तर चार ओळी वाजवा आणि हे अपुरे राहिले, असे स्पष्ट सांगा.

हक्कांच्या बाबतीत मी वकील नाही, आणि कागद करण्यापूर्वी एकदा वकिलाला दाखवावेतच. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे हे माहीत असले पाहिजे. गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, बीट म्हणजे संगीतरचना, आणि ध्वनिमुद्रण. शब्द त्याचे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि तो वारसांकडे जातो. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तो अविवाहित होता आणि मृत्युपत्र केलेले नव्हते असे गृहीत धरले, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातील वारस आहे आणि वडील दुसऱ्या वर्गातील. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. म्हणजे सगळ्या अटी वडील घालत असले तरी त्याच्या शब्दांवर पहिला हक्क कॅमेऱ्यासमोर न येणाऱ्या त्या माउलीचा आहे. कुटुंब मुस्लिम असेल तर वाटणी वेगळी होते, ख्रिस्ती असेल तर वेगळी. ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मी तुमच्या जागी असतो तर दोघांचीही सही घेतली असती, पण आईला वगळून एक पाऊलही टाकले नसते.

बीटचे तसे नाही. परभणीत काय आणि पुण्यात काय, बहुतेक नवे रॅपर इंटरनेटवरून बीट भाड्याने घेतात. त्या परवान्यात गाणे किती वेळा वाजेपर्यंत चालेल याची मर्यादा असते, आणि चित्रपटात वापरायला पुष्कळदा वेगळी परवानगी लागते. अकरा गाण्यांची अकरा बीट कुणाची हे आजच लिहून काढा आणि ज्यांचा पत्ता लागतो त्यांना पत्र पाठवा. मित्र गेला आहे आणि हे काम त्याच्यासाठी आहे, असे साधेपणाने लिहिले तर बहुतेक बीटमेकर होकार देतात. मला आजवर एकानेच नकार दिला आहे. जिथे होकार मिळणार नाही तिथे बीटशिवाय, फक्त त्याचा आवाज वापरा. अनेकदा तेच जास्त परिणामकारक ठरते. करार लेखी हवा, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते, आणि मग तुमचा माहितीपट सहाव्या वर्षी अडचणीत येतो. त्याने एखाद्या कंपनीबरोबर वितरणाचा करार केला असेल तर तो शोधा. मुले असे करार फोनवर एक टिचकी मारून करतात आणि घरी कुणालाच कल्पना नसते.

वडिलांकडे येतो. त्यांची अट ऐकून तुम्हाला राग आला आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटले. थोडे थांबा. त्यांनी मुलगा गमावला आहे, गाव काय बोलते हे ते रोज ऐकतात, आणि त्यांच्या दृष्टीने तुमचा चित्रपट म्हणजे तेच बोलणे मोठ्या पडद्यावर. माझा उपाय व्यवहारी आहे: दोन वेगळ्या गोष्टी करा. वर्षश्राद्धासाठी सहा-सात मिनिटांचा स्मरण-व्हिडिओ करा, ज्यात त्याचे फोटो, एक पूर्ण गाणे आणि शाळेतल्या बक्षीस समारंभाची ती जुनी चित्रफीत असेल. तो वडिलांच्या मनासारखा होऊ द्या आणि त्यावर वाद घालू नका. माहितीपटाला त्या तारखेचे बंधन ठेवू नका. तीन महिन्यांत, रडत रडत, रात्री जागून केलेले संकलन मी पाहिले आहे आणि स्वतः केलेही आहे. त्यात केवळ दुःख उतरते, माणूस उतरत नाही.

मग माहितीपटासाठी वडिलांशी चित्रीकरणापूर्वीच लेखी ठरवा: रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, तुम्हाला पहिल्यांदा दाखवीन, तथ्याची चूक दाखवलीत तर दुरुस्त करीन, कुणाच्या खासगी आयुष्याला धक्का लागत असेल तर तुमच्याशी बोलून निर्णय घेईन, पण अंतिम संकलन माझे राहील. हे आधी ठरले नाही तर शेवटी हमखास ताटातूट होते. आणि भांडण घ्यायचे की नाही? कसोटी लावून पाहा. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की त्याच्या चौथ्या गाण्यात बापाशी झालेल्या बोलाचालीवर एक संपूर्ण कडवे आहे आणि ते गाणे सर्वांत जास्त ऐकले गेले. म्हणजे ते भांडण त्याने स्वतः लोकांसमोर ठेवले आहे. ते कडवे वडिलांसमोर बसून ऐका, कॅमेरा बंद ठेवून. त्यांनी ते आजवर पूर्ण ऐकलेलेच नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर ते काय म्हणतात यावर पुढचे ठरेल. पिण्याबद्दल मात्र त्याने गाण्यात काही म्हटलेले नसेल आणि ती माहिती केवळ मित्रांच्या व्हॉइस नोटमधून येत असेल, तर ती गाळायला माझी हरकत नाही. वडिलांना घाबरून ती गाळली असे त्यातून होत नाही. त्याने स्वतः ती गोष्ट कधी सांगितली नव्हती, हे कारण पुरेसे आहे.

आईला कॅमेऱ्यासमोर आणण्याचा आग्रह सोडून द्या. लपूनछपून चित्रीकरण तर अजिबात नको, आणि चेहरा नाही तर निदान भाकरी थापणारे हात घेऊ, हा मोह टाळा. तो प्रसंग शंभर माहितीपटांत आला आहे. त्या तयार असतील तर फक्त आवाज घ्या. त्याही आधी दोन-तीनदा काहीही न घेता जाऊन या. बीड जिल्ह्यातल्या एका दिवंगत शाहिरांवर काम करताना त्यांच्या पत्नी पहिल्या तीन भेटींत एक अक्षर बोलल्या नाहीत. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्या ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी त्यांच्या परवानगीने माइक शेजारी ठेवला आणि ‘कार्यक्रमाहून रात्री आल्यावर ते काय जेवायचे’ एवढेच विचारले. चाळीस मिनिटे बोलल्या, आणि सुपाचा आवाज त्या बोलण्याला लयीत साथ देत राहिला. ‘तुम्हाला काय वाटतं’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका उत्तर देत नाहीत, आणि का द्यावे? काय जेवायचा, कोणत्या वेळी यायचा, चप्पल कुठे काढायचा, हे विचारा. आणि त्या कधीच बोलल्या नाहीत तर त्यांच्याविना चित्रपट करा. 2017 मध्ये 21 व्या वर्षी गेलेल्या लिल पीप या अमेरिकी रॅपरवर 2019 मध्ये माहितीपट झाला. त्याच्या आजोबांनी नातवाला लिहिलेली पत्रे त्यात ठिकठिकाणी वाचली जातात, आणि संपूर्ण चित्रपटाला त्या पत्रांचाच आधार आहे. घरातला एक आवाज असा मिळाला तरी पुरतो. तुमच्या मित्राचे आजोबा, मामा, मोठी बहीण, कुणीही असेल, शोधा.

एआयच्या आवाजाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: करू नका. कायदा तुम्हाला कदाचित अडवणार नाही. 2023 मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्याशी संबंधित एका चित्रपटाविरुद्ध त्यांच्या वडिलांनी केलेल्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने, खासगीपणाचे आणि व्यक्तिमत्त्वाचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारशाने मिळत नाहीत, अशी भूमिका घेतली होती. त्याउलट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल रोखली, पण ते हयात आहेत, स्वतः न्यायालयात जाऊ शकले. तुमचा मित्र जाऊ शकत नाही. म्हणूनच इथे तुमच्यावरची जबाबदारी कायद्यापेक्षा मोठी आहे. 2021 मध्ये अँथनी बोर्डेन या दिवंगत अमेरिकी लेखकावरच्या माहितीपटात त्याने लिहिलेली काही वाक्ये एआयने त्याच्या आवाजात वदवली होती. शब्द त्याचेच होते, तरी हे उघड झाल्यावर मोठी टीका झाली, कारण प्रेक्षकाला फरक सांगितलाच नव्हता. रॅपरच्या बाबतीत तर हे आणखी अनुचित आहे. कुठे थांबायचे, कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, कुठला शब्द गिळायचा, ही त्याची सगळी कला होती. यंत्र ते सगळे अंदाजाने भरून काढणार आणि ऐकणाऱ्याला वाटणार की तो असाच म्हणाला होता.

त्याची गरजही नाही. तुमच्याकडे त्याचा खरा आवाज तासन्तास आहे. अमेरिकी रॅपर टुपाक शकूर 13 सप्टेंबर 1996 रोजी, 25 व्या वर्षी गेला. 2003 मध्ये लॉरेन लाझिन यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट त्याच्याच आवाजात उलगडतो. हयातीत त्याने दिलेल्या मुलाखतींचे तुकडे असे जोडले आहेत की तो स्वतःच आपली कथा सांगतो आहे असे वाटते. त्या चित्रपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. तुमच्या मित्राला कुणी मुलाखती घ्यायला आले नव्हते हे खरे. पण लाइव्ह सत्रांत लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे म्हणजे मुलाखतीच आहेत, आणि त्या त्याने जाहीरपणे दिलेल्या आहेत. त्या सगळ्या शब्दशः उतरवून काढा. वहीतले काही घ्यायचेच असेल तर पान दाखवा, खाडाखोडीसकट, आणि शब्द वाचायचे असतील तर ते तुम्ही तुमच्या आवाजात वाचा. मित्राची वही मित्र वाचतो आहे हे प्रेक्षकाला कळते आणि त्यात काही खोटे राहत नाही.

तुम्ही मित्र असणे हे तुमचे बळ आहे, हेही सांगून ठेवतो, कारण ‘मी काही दिग्दर्शक नाही’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. 9 मार्च 1997 रोजी मारला गेलेला अमेरिकी रॅपर नोटोरियस बी.आय.जी. याच्यावर 2021 मध्ये जो माहितीपट आला, त्याचा मोठा आधार त्याच्या एका मित्राने हॅन्डीकॅमवर सहज टिपलेली चित्रणे हाच होता. हॉटेलातल्या खोल्या, प्रवास, मस्करी, कंटाळा. त्याचा खून कुणी केला या प्रश्नाभोवती त्याआधी पुष्कळ काही बनले होते; या माहितीपटाने त्याचे जगणे समोर आणले. तुमच्याकडेही तोच पर्याय आहे. अपघात कसा झाला, चूक कुणाची, तो त्या रात्री कुठून येत होता, यात शिरलात तर चाळीस मिनिटे तिकडेच जातील. माझा सल्ला असा, की मृत्यू काळ्या पडद्यावर तारखेने सांगा, जागेचे चित्रण करू नका, आणि हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच करून टाका. म्हणजे प्रेक्षक ‘आता काय होणार’ या धास्तीतून मोकळा होऊन त्याचे ऐकू लागतो.

भाषेला हात लावू नका. घरी तो ‘काय करायलास’ म्हणणारा परभणीचा मुलगा होता आणि दोस्तांत दखनी वळणाची हिंदी बोलत होता. त्याच्या यमकांत दोन्ही मिसळलेल्या आहेत. उपशीर्षके देताना ‘करायलो’चे ‘करतो आहे’ केलेत तर यमकही मोडेल आणि माणूसही. मुलाखतींतही कुणाला ‘नीट मराठीत बोला’ म्हणू नका. दुसरा मोह अभ्यासकांचा. गंगाखेडच्या जनाबाईंच्या ओव्या, पैठणच्या नाथांची भारुडे, आंबेडकरी जलसे आणि मग रॅप, अशी परंपरेची साखळी जोडून दाखवणारे एखादे प्राध्यापक तुम्हाला नक्की भेटतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असेल. मला स्वतःला तो विषय फार जवळचा आहे. पण तुमचा मित्र लहानपणी आजीच्या मागे बसून ओव्या ऐकत होता असे त्याने कुठे म्हटले असेल तरच ते घ्या. नाहीतर तो चित्रपट प्राध्यापकांचा होतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मात्र त्याने गाण्यात वापरली आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिथे शहर दाखवा, पहाटेचे स्टेशन दाखवा, त्याच्या गल्लीतला तो कट्टा दाखवा जिथे सायफर, म्हणजे आळीपाळीने रॅप करणाऱ्या मुलांचे टोळके, जमायचे.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. नाट्यगृहात किंवा चित्रपटगृहात सार्वजनिक खेळ करायचा असेल तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली माहितीपटालाही प्रमाणपत्र लागते, आणि गाण्यांतल्या शिव्यांवर तिथे कात्री येऊ शकते. महोत्सवांना मंत्रालयाकडून सूट घेता येते. तो अर्ज आयोजक करतात. मुंबईचा ‘मिफ’ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) हा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी आहे आणि तो एक वर्षाआड होतो. पण हे सगळे नंतर. पहिला खेळ त्याच्या घरी, लॅपटॉपवर, आई-वडिलांसमोर करा आणि त्या वेळी खोलीत तुमच्याशिवाय चित्रपटाशी संबंधित कुणी असू नये.

त्या खेळात आक्षेप कशावर येईल याचा अंदाज बांधून जाऊ नका. शाहिरांचा माहितीपट मी त्यांच्या पत्नीला दाखवला तेव्हा त्यांच्या दुसऱ्या संसाराचा उल्लेख त्यांना खटकेल अशी माझी खात्री होती आणि उत्तरही तयार ठेवले होते. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. शेजाऱ्याच्या मुलाखतीत एक वाक्य होते, की शाहीर गेले तेव्हा वाण्याचे देणे राहिले होते. तिथे त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले. आत गेल्या, डब्यातून उधारीची वही आणली आणि शेवटचे पान माझ्यासमोर धरले. प्रत्येक रकमेपुढे रेघ होती, आणि खाली दुकानदाराची सही. ‘मी फेडलं, दोन वर्षांत,’ एवढेच म्हणाल्या. शेजाऱ्याचे वाक्य मी काढले नाही. त्याच्यापुढे वहीचे ते पान सहा सेकंद जोडले.